दहापैकी आठ

३ फेब्रुवारी, सोमवार

आज आठ सांगितले. सांगायला नको होते.

चहा गाळता गाळता वहिनीने नेहमीसारखं विचारलं — "आज किती?" मी म्हटलं, आठ. अगदी सहज. काल सात होते, परवा सात होते, किती दिवस सातावर अडून राहायचं म्हणून एक वाढवला. भाजीवाला जुडीत दोन काड्या जास्त घालतो तसा. आणि पेपरामागून दादाचं डोकं वर आलं!

हे मार्कांचं खूळ समुपदेशक बाईंचं. जुलैत नवरा घर सोडून गेला. "मला आता जमत नाही," एवढंच म्हणाला, बॅग तयारच होती. मी चार दिवस दार लावून, न खाता पडून राहिले, तेव्हा दादा येऊन मला त्याच्या घरी घेऊन आला. "आठवडाभर" म्हणाला होता. मग त्या बाईंकडे नेलं. बाई म्हणाल्या, कसं वाटतंय त्याला रोज दहापैकी मार्क द्या, आणि चार ओळी लिहून ठेवा. मला म्हणाल्या होत्या! पण शेजारच्या खुर्चीत वहिनी होती, तिने ते मनावर घेतलं. तेव्हापासून सकाळचा चहा आणि माझी परीक्षा एकदमच. पहिल्या दिवशी मी खरं सांगितलं — एक. वहिनीच्या हातातली गाळणी हातातच राहिली. दादा एका पायात बूट घालून उभा. मग दिवसभर दोघांचे पाळीपाळीने फोन. दुसऱ्या दिवशी तीन सांगितले. घरात जरा हायसं झालं. तेव्हापासून मी त्यांच्यासाठी पास होत आले आहे.

खरे किती? तीन. कधी चार. रविवारी दोन.

आणि आज आठ ऐकून दादाने कॅलेंडरवर गोल काढला. अठ्ठावीस तारीख.

"मग झालं तर! त्याचा निरोप कधीचा पडलाय. अठ्ठावीसला अकरा वाजता बोलावतो त्याला. तू स्वतः जा, कुलूप उघड, त्याचं सामान त्याला दे, त्याच्याकडची चावी घे. मोकळी हो एकदाची."

त्या घराला सात महिने कुलूप आहे. घर माझंच, आईने माझ्या नावावर केलेलं, तिसरा मजला. मी तिकडे जाणाऱ्या बसमध्येसुद्धा बसत नाही. मी काय म्हटलं? "बरं" म्हटलं. आठ मार्कांची बाई दुसरं काय म्हणणार.

४ फेब्रुवारी

आठच.

५ फेब्रुवारी, बुधवार

दवाखान्यात बरं असतं. पुढे डॉक्टरबाई, मागच्या खोलीत मी. तोंडं त्या बघतात, कवळ्या मी करते. बोळाकडे एक खिडकी आहे. जुने पेशंट पुढे नंबर लावत नाहीत, थेट खिडकीशी येतात आणि तोंडातून कवळी काढून माझ्या हातावर ठेवतात. सवय झाली आहे. आता तर माणूस भेटला की मी आधी त्याचे दात बघते, चेहरा मागून.

आज नकाशेवाले आजोबा आले. आयुष्यभर जमिनींचे नकाशे काढले, म्हणून आम्ही त्यांना तसं म्हणतो. गेल्या मे महिन्यात त्यांची आणि आजींची, दोघांच्या कवळ्या मीच केल्या. आजी ऑक्टोबरात गेल्या. आज म्हणाले, खालची दुखते.

मी आमचा नेहमीचा प्रश्न विचारला — "कुठे दुखतंय? बोट ठेवून दाखवा."

आजोबांसारखा पेशंट नाही. बोट अगदी नेमकं. "डावीकडे, मागून दुसऱ्या दाताच्या खाली, आतल्या अंगाला. दाबलं तर जास्त, एरवी थोडं." मी तिथे घासून दिलं.

खरं तर डॉक्टरबाईंचा नियम आहे : नवी कवळी पहिले आठ दिवस घासायची नाही. दुखणारच. तोंडाची आणि कवळीची ओळख व्हायला वेळ लागतो. पहिल्या दिवशी एक तास घालायची, दुसऱ्या दिवशी दोन. दुखलं की घास, दुखलं की घास असं केलं तर शेवटी हातात नुसती चकती राहते. पण आजोबांची कवळी काही नवी नाही. मनात म्हटलं, आजी गेल्यापासून जेवण कमी झालं असेल, हिरड्या बसल्या असतील. होतं असं.

"बरं वाटलं?" तर हसले फक्त.

८ फेब्रुवारी, शनिवार

खोलीचं माप घेतलं आज. म्हणजे पावलांनी. लांबी पाच, रुंदी साडेतीन, आणि साडेतीनातलं एक पाऊल शिवणयंत्राचं. घडीची खाट उघडली की दार अर्धंच उघडतं. आडवं होऊन आत यावं लागतं, आडवं होऊन बाहेर.

शिवणयंत्र वहिनीचं. मी आले तेव्हा तिने त्यावर चादर टाकली, माझी बॅग त्यावर ठेवली आणि म्हणाली, "हे तुझं टेबल." आधी दुपारभर इथे खडखड चालायची, पडदे, अभ्रे, शेजारणींचे झगे. आता बंद आहे.

दार अर्धं, त्यातही लावायचं नाही. लावलं की दोन मिनिटांत दादा — "काय गं, ठीक आहेस ना?" मग म्हणायचं, ठीक आहे. रडायचं तर बाथरूम, नळ सोडून. या घरातला नळ फार वाहतो. परवा दादा ओरडला, "एवढं पाणी कुठे जातं या घरात!" मी दचकून बघितलं, तर मी स्वयंपाकघरात होते. आत वहिनी होती. कपडे धूत असेल.

ते चांगले आहेत. म्हणूनच अडचण आहे. वाईट असते तर कधीच निघून गेले असते.

१० फेब्रुवारी, सोमवार

लाज वाटते लिहायला, पण इथे नाही लिहायचं तर कुठे?

दवाखान्यातून येताना पुढे एक माणूस चालत होता. तसाच डावा खांदा खाली. तशीच पिशवी, बोटात अडकवून. मी त्याच्या मागे गेले. दोन गल्ल्या! त्याने वळून चपलांच्या दुकानाकडे बघितलं तेव्हा कळलं, दुसराच कोणी तरी, मिशीवाला. मी तिथेच दुकानाच्या फळीवर टेकले. दुकानदाराने विचारलं, "कितवा नंबर?" मला वाटलं तोही मार्क विचारतोय.

आजच सकाळी आठ सांगून निघाले होते.

हाड मोडलं तर सहा आठवडे. सात महिन्यांत माणसं घर बांधतात. आणि मी अजून एका खांद्यामागे चालते! शरम नाही मला. शाळेत असते तर बाईंनी वर्गाबाहेर उभं केलं असतं.

११ फेब्रुवारी

आजोबा पुन्हा. या वेळी उजवीकडे, पुढे. घासलं.

ते खिडकीशी जरा रेंगाळले. मुलगा, सून घरी असतात. म्हणाले, "चांगली आहेत दोघं. फार विचारपूस करतात." आणि तोंड असं केलं की मला हसूच आलं. ओळखीचं तोंड होतं ते.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज कामात माती खाल्ली. बारा वर्षांत पहिल्यांदा.

कवळीचा गुलाबी लगदा पितळी डब्यात दाबून बसवायचा आणि डबा कोमट पाण्यात रात्रभर ठेवायचा. उकळी आणायची ती अगदी शेवटी. ही रीत मला झोपेतही येते. पण काल वाटलं, कशाला एवढा वेळ, आटप! सरळ उकळत्या पाण्यात टाकला डबा. उघडला तर काय — वरून गुळगुळीत, सुंदर, आणि उजेडात धरलं तर आत सगळे बुडबुडे. नुसता फेस. अशी कवळी पहिल्या घासाला मोडते.

डॉक्टरबाईंनी उजेडात धरून बघितली, मग माझ्याकडे बघितलं. रागावल्या नाहीत. "कुणाला घाई होती?" एवढंच.

मला. मला घाई होती. पंधरा दिवसांत मला तीनाचे आठ करायचे आहेत.

१६ फेब्रुवारी, रविवार

दादाने आज रंगीत तालीम घेतली!

"समज, मी तो." असं म्हणून बाहेर गेला आणि बेल वाजवून आत आला. तीच ढेरी, तीच बनियन, फक्त आवाज मऊ केलेला. "कशी आहेस?" मी म्हणायचं — मजेत. तुझं सामान समोरच्या खोलीत आहे. मग त्याने म्हणायचं, बसू का जरा? मी म्हणायचं, नको, मला काम आहे. दादाने मला तीनदा करायला लावलं. "काम आहे म्हणताना खाली बघू नकोस. त्याच्या कपाळाकडे बघ. ऑफिसात मी साहेबांशी असंच बोलतो."

दादाने मला सायकल शिकवली तेव्हाही असंच. पाठीमागून सीट धरून पळत होता आणि न सांगता हात सोडला. मी नाल्यात. गुडघ्यावरची खूण अजून आहे. तो मात्र सगळ्यांना सांगतो, बघा, एका दिवसात शिकवली.

चौथ्यांदा त्याने बेल वाजवली तेव्हा वहिनी आतून म्हणाली, "पुरे करा." जोरात. वहिनी कधी जोरात बोलत नाही. दादा हिरमुसला. "अगं, हिच्या भल्यासाठीच चाललंय," म्हणाला. वहिनी भांडी घासत राहिली. भांडी तर सकाळीच झाली होती.

मार्क : सांगितले आठ. खरे दोन.

१७ फेब्रुवारी

आजोबा. तिसऱ्यांदा. पुन्हा डावीकडे, बोट तसंच नेमकं. म्हणाले, ठेवून घ्या, सवडीने करा, गुरुवारी नेतो. पुष्कळ घासली, आतून.

१९ फेब्रुवारी, बुधवार

केवढी चूक केली मी!

आजोबांची कवळी आतून फार पातळ झाली, म्हणून उजेडात धरून बघत होते. प्रत्येक कवळीच्या आत, जिभेकडच्या बाजूला, मी सुईने नंबर कोरते. इतका बारीक की नख लावलं तरच कळतो. नख लागलं. २१४.

वही काढली. २१३ आजोबा. २१४ आजी.

दोघांच्या कवळ्या एकाच महिन्यात झालेल्या, त्या ठेवायचे डबेही आम्ही एकाच रंगाचे दिले होते. तीनदा हातात घेतली मी ती कवळी आणि एकदाही नंबर पाहिला नाही. ओळखीचं माणूस, त्यात काय बघायचं! दुखतंय म्हटलं, घासलं. दुखतंय म्हटलं, घासलं. मेलेल्या बाईची कवळी मी जिवंत माणसाच्या तोंडात बसावी म्हणून घासत होते. आणि तो माणूस ती घालून बसत होता.

फळीवरून २१४ चा साचा काढला. साच्याची एक प्लास्टरची प्रत आम्ही वर्षभर ठेवतो, मग फोडून टाकतो. आजींचा जबडा केवढासा आहे! कवळी त्यावर ठेवली. बसत नाही आता. डगमगते.

आजोबांना सांगायचं कसं?

२० फेब्रुवारी, गुरुवार

सांगितलं. खिडकी उघडली आणि पाठ केल्यासारखं म्हटलं, "आजोबा, ही कवळी तुमची नाही."

"माहीत आहे," म्हणाले.

तेच सावकाश बोलत राहिले. "ती गेल्यावर सुनेने आवराआवर केली, त्यात डबे बदलले. मला दोन दिवस कळलंच नाही. तिसऱ्या दिवशी कळलं. मग म्हटलं, असू दे."

"आणि दुखत होतं ते?"

"दुखणारच की. तिचं तोंड केवढंसं."

"मग घासायला का आणत होतात? आजोबा, मी तीनदा घासली ती. आता ती आजींच्या साच्यावरही बसत नाही."

हे मात्र त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी खिडकीच्या चौकटीवर हात ठेवला. मग म्हणाले, "मी घासायला आणत नव्हतो, ताई. तुम्ही विचारता ना — कुठे दुखतंय, बोट ठेवा. त्यासाठी यायचो. घरीही विचारतात. पण घरी विचारतात, आता बरं आहे ना? त्याला हो म्हणण्यावाचून दुसरं उत्तरच नाही."

मी स्टुलावर बसले आणि रडले. नळ न सोडता. डॉक्टरबाई आत डोकावल्या आणि पडदा ओढून परत गेल्या. आजोबा खिडकीबाहेर उभेच.

निघताना त्यांनी विचारलं, "पुन्हा पहिल्यासारखी होईल?"

"होईल. साचा आहे. पण चार दिवस लागतील. घाई नाही करणार."

"नका करू," म्हणाले.

२१ फेब्रुवारी

साच्याची आणखी एक प्रत ओतली — या कामात एक फुटतेच. ती सुकायला ठेवली. आज एवढंच. हात शिवशिवत होते पुढे जायला. नाही गेले.

२३ फेब्रुवारी, रविवार

वहिनीने आज कपड्यांच्या घड्या घालता घालता विचारलं, "तुझ्या त्या घरात सकाळी ऊन येतं ना गं? स्वयंपाकघराच्या खिडकीत?" म्हटलं, येतं. "आणि दुपारी?" दुपारी नाही. "शांत असेल," म्हणाली.

कळलं मला. सात महिने म्हणजे खूप झालं. तिचं यंत्र अडकलंय, तिची खोली अडकली आहे. तोंडाने नाही म्हणणार ती, पण ऊन विचारते आहे. माझं तिला जडच होत असणार.

मग अंगावर काटा आला. इथून जायचं तर तिकडेच जायचं. दुसरीकडे कुठे?

२४ फेब्रुवारी, सोमवार

काल दुपारी दवाखान्यात जाऊन कवळीच्या घासलेल्या जागी नवा लगदा भरून पितळी डबा कोमट पाण्यात ठेवून आले होते, आज सकाळी उघडला. आत एक बुडबुडा नाही. कवळी साच्यावर ठेवली, बोटाने दाबली. हलली नाही.

आजोबा आले. हातावर घेऊन नुसती बघत राहिले, मग २१४ वर नख फिरवलं. मी दाखवलं होतं कुठे ते. डब्यात ठेवली. मग खिशातून दुसरा निळा डबा काढला. "ही माझी. पाच महिने घातली नाही. आता नव्यासारखीच दुखेल ना?"

"दुखेल. आज एक तासच घाला. उद्या दोन."

"आणि एखाद्या दिवशी अर्धाच तास जमला तर?"

"तर अर्धा."

बारा वर्षं मी लोकांना हे सांगते आहे. रोज. तोंडपाठ.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

दवाखान्यातून लवकर निघाले आणि त्या बसमध्ये बसले. तिकडच्या.

स्टॉप, औषधाचं दुकान, इस्त्रीवाला — त्याने ओळखून हात केला. मी फाटकापर्यंत गेले. फाटकाची कडी अजून सैल आहे. वर बघितलं. तिसऱ्या मजल्यावर गॅलरीत माझी कपडे वाळत घालायची दोरी, एक चिमटा तसाच. सात महिने एकटा लटकतोय बिचारा.

आत नाही गेले. पाच मिनिटं उभी राहिले आणि परत फिरले. बसमध्ये स्वतःला शिव्या द्यायला सुरुवात केली होती — मग आठवलं, अर्धा तास. आज फाटकापर्यंत. एवढंच जमलं आज.

पण शुक्रवारी अकरा वाजता एवढं पुरणार नाही.

२६ फेब्रुवारी

आठ.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आज खरं सांगायचं ठरवून उठले होते. वहिनीने चहा समोर ठेवला, विचारलं किती, तोंड उघडलं आणि दादा म्हणाला, "आज नऊ असणार! उद्या मोकळी होणार ना बाई." एवढा खूश होता. त्याच्या ऑफिसात उद्या तपासणी आहे, नाहीतर तोही आला असता, असं दहादा म्हणाला. मी म्हटलं, साडेआठ.

साडेआठ! अर्ध्या मार्काचीही फसवणूक आता.

उद्या तो दारात उभा राहील, कशी आहेस म्हणेल, आणि मी त्याच्या कपाळाकडे बघत मजेत म्हणेन. आणि दादा कॅलेंडरवर बरोबरची खूण करेल. त्यानंतर मला कधीच कोणाला सांगता येणार नाही की दुखतंय.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळ

"किती?"

"तीन."

दादाला वाटलं थट्टा. "अगं, काल साडेआठ होते."

"खोटे होते. सगळे खोटे होते. ऑगस्टपासून. तीनच्या वर कधी गेलेच नाही, गेले तर चार. मी आज नाही जाऊ शकत, दादा. मला तो दारात उभा दिसला तर मी त्याला राहा म्हणेन."

हे शेवटचं वाक्य मलाच माहीत नव्हतं. बाहेर आलं आणि मग कळलं, सात महिने भीती कशाची वाटत होती ती.

दादा खुर्चीत बसला. रागावला नाही, त्याहून वाईट, त्याचे डोळे भरले. "म्हणजे सात महिने आम्ही काय केलं?" म्हणाला. मी म्हटलं, तुम्ही मला जगवलंत. पण बरं होण्याची मुदत कॅलेंडरवर नको काढूस. त्याने घड्याळ बघितलं, तपासणी, साहेब. बुटांची नाडी त्याला बांधता येईना, मी बांधून दिली.

वहिनीने गॅस बंद केला. चहा अर्धाच उकळला होता. हात पुसले, ओढणी घेतली आणि माझ्यासमोर तळहात धरला. "चावी दे."

"तू?"

"सामानच द्यायचंय ना. मी देते. माझा काही तो नवरा नाही."

बाहेर पडताना तिने मागे वळून विचारलं, "सकाळचं ऊन म्हणजे किती वाजेपर्यंत असतं?"

त्याच दिवशी, संध्याकाळ

वहिनीचा निरोप : तो आला. दोन खोकी, टेबलफॅन, जाड पुस्तकं. दहा मिनिटांत गेला. दुसरी चावी मिळाली. तुझी चौकशी केली, मी त्याला सांगितलं, ते विचारायचा तुझा हक्क संपला.

चारदा वाचला. रडू आलं, मग भूक लागली. बऱ्याच दिवसांनी खरी भूक.

सहा वाजून गेले. वहिनी अजून आली नाही. दादा म्हणतो, बस चुकली असेल.

१ मार्च, शनिवार

वहिनी आलीच नाही. काल साडेसातला फोन आला — दादाला नाही, मला. "मी आज तुझ्या घरी राहते. उद्याही. माझे दोन आहेत गं. कधीपासून, ते आत्ता विचारू नकोस." दादा माझ्याकडे बघत राहिला. "तिला काय झालं? ती तर चांगली होती." म्हटलं, तू तिला विचारलं होतंस? मी तरी कुठे विचारलं होतं. सात महिने तिच्या खोलीत झोपले, तिच्या यंत्रावर बॅग ठेवली, तिचा नळ ऐकला.

आज सकाळी तिच्यासाठी जेवणाचा डबा घेऊन गेले. फाटक, तीन मजले, आणि माझ्याच घराची बेल वाजवली. तिने दार उघडलं. मागे ऊन होतं. मला आत नाही जाता आलं. तीच बाहेर आली. दार उघडंच ठेवून आम्ही जिन्यावर बसलो.

मी विचारलं, "कुठे दुखतंय, वहिनी?"

"सांगायला वेळ लागेल," म्हणाली.

म्हटलं, लागू दे.